एका छेदातून मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ ही संज्ञा अपरिचित नाही. १९८० च्या दशकात कुटुंबकल्याण कार्यक्रमाच्या शिबिरांतून स्त्रियांच्या बीजवाहिन्यांवर दुर्बिणीच्या साहाय्याने कडे बसविण्याची शस्त्रक्रिया गावोगाव पोहोचली. बेंबीच्या कडेला जेमतेम एक सेंटिमीटरचा छेद, त्यातून आत जाणारी बहुधा एकच नळी, त्याच नळीत पाहण्याची आणि कडे चढविण्याची सोय, आणि काही मिनिटांत काम पूर्ण, असे तिचे स्वरूप होते. लोकांनी तिला ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ असे सुटसुटीत नाव दिले. वस्तुतः एखादा टाका घातला जाईच; परंतु पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या मानाने तो इतका नगण्य होता, की नावातून तो गळून पडला. एकाच छेदातून दुर्बिणीने नसबंदी करण्याची कल्पना अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. क्लिफर्ड व्हीलेस यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली होती.

मोठ्या आतड्याचा रोगग्रस्त भागही आता बेंबीतील एकाच छेदातून काढता येतो, असे ऐकले म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे साहजिकच ते जुने बिनटाक्याचे ऑपरेशन उभे राहते. साम्य आहे ते मात्र छेदापुरतेच. नलिकेवर कडे चढविणे वेगळे, आणि हातभर लांबीचे आतडे त्याच्या रक्तवाहिन्यांसह सोडवून, कापून बाहेर काढून, उरलेली दोन टोके पुन्हा जोडणे वेगळे. हे अंतर ध्यानात न घेतल्यास दोन गैरसमज संभवतात. छेद लहान म्हणून शस्त्रक्रियाही किरकोळ आहे, असे काहींना वाटते. ज्याच्या पोटावर एकाऐवजी पाच छेद आले, किंवा ज्याचे पोट उघडावे लागले, त्याच्यावर दुय्यम प्रतीचा उपचार झाला, असे दुसऱ्या काहींना वाटते. हे दोन्ही समज रुग्णाला अपायकारक ठरतात.

आतड्याची रचना व रोग

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. ओटीपोटाच्या उजव्या बाजूस, जेथे लहान आतडे त्यास येऊन मिळते, तेथे उंडुक नावाचा पिशवीसारखा भाग आहे. तेथून आतडे उजव्या कुशीतून यकृताखाली चढते, पोटाच्या वरच्या भागात आडवे जाते, प्लीहेजवळ वळून डाव्या कुशीतून उतरते आणि एक नागमोडी वळण घेऊन मलाशयाला मिळते. अन्नरसातील पाणी व क्षार शोषून घेणे आणि मल साठविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. अन्नाचे पचन व पोषक द्रव्यांचे शोषण बहुतांशी लहान आतड्यातच पूर्ण होत असल्याने मोठ्या आतड्याचा तिसरा हिस्सा किंवा अर्धा भाग काढून टाकला, तरी माणूस सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो. प्रारंभीचे काही आठवडे शौचास पातळ व अधिक वेळा होते. पुढे शरीर त्याची सवय करून घेते.

हा भाग काढण्याचे प्रमुख कारण कर्करोग. आतल्या अस्तरावर पॉलिप नावाचा मांसल कोंब वाढतो. असे काही कोंब वर्षानुवर्षांच्या कालावधीत कर्करोगाचे रूप घेतात. कोलोनोस्कोपीने, म्हणजे गुदद्वारातून घातलेल्या लवचिक दुर्बिणीने, लहान कोंब तेथल्या तेथे काढता येतो. फार मोठा असेल तर आतड्याचा तो भागच काढावा लागतो. उंडुकाजवळचा क्षयरोग आपल्या देशात अजूनही आढळतो. त्यावर मुख्य उपचार औषधांचाच. आतडे आकसून मार्ग बंद झाला तरच शस्त्रक्रियेची पाळी येते.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा नियम समजण्यास झाडाचे उदाहरण पुरेसे आहे. आतड्याच्या प्रत्येक भागाला एका मुख्य धमनीच्या फांद्या रक्त पुरवितात आणि त्या फांद्यांच्या कडेने लसिकाग्रंथी असतात. कर्करोगाच्या पेशी पहिल्यांदा बहुधा याच ग्रंथींकडे सरकतात. म्हणून गाठीपुरते आतडे कापून भागत नाही. फांदी तिच्या बुंध्याशी तोडून, ग्रंथींसह सारा पंखा एकसंध काढावा लागतो. काढलेल्या भागात निदान १२ लसिकाग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जाव्यात, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे. पुढे रासायनिक औषधोपचार द्यावयाचा किंवा नाही, हा निर्णय बऱ्याच अंशी त्या ग्रंथींवर अवलंबून असतो. बाहेरचा छेद कितीही लांबीचा असो, आतील हे काम तेवढेच आणि तसेच व्हावे लागते.

उघड्या शस्त्रक्रियेपासून एका छेदापर्यंत

पूर्वापार पद्धतीत पोटाच्या मध्यरेषेवर बेंबीच्या वरखाली १५ ते २० सेंटिमीटरचा छेद घेतात. शल्यचिकित्सकाचे हात व डोळे थेट रोगाजवळ पोहोचतात, हा तिचा मोठा गुण. रुग्णाला मात्र खोकताना, कूस बदलताना, दीर्घ श्वास घेताना वेदना होतात. श्वास उथळ राहिल्याने फुप्फुसांत कफ साचतो. जखम चिघळण्याचा आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याचा धोका असतो. शेतमजुरी किंवा हमाली करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने काही महिन्यांचा रोजगार बुडणे हाही रोगाचाच भाग असतो.

पोटात नळी घालून आत पाहण्याचा पहिला जाहीर प्रयोग जर्मन डॉक्टर गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये हँबुर्ग येथे एका कुत्र्यावर केला. १९१० मध्ये स्वीडनचे हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पुढील कित्येक दशके या पद्धतीचा उपयोग प्रामुख्याने निदानासाठी आणि स्त्रीरोगांसाठी होत राहिला. १९८० मध्ये कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांचे कौतुक होण्याऐवजी त्यांच्यावर कारवाई व्हावी अशी मागणी झाली. १९८५ मध्ये बोब्लिंगेन येथील एरिक म्यूह यांनी याच मार्गाने पित्ताशय काढले. त्यांनाही स्वदेशातील शल्यचिकित्सकांचा रोष पत्करावा लागला.

भारतात या विद्येचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला आणि ३१ मे १९९० रोजी सर ज. जी. रुग्णालयात देशातील दुर्बिणीतून केलेली पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया पार पाडली. मर्यादित साधने असलेल्या सार्वजनिक रुग्णालयात आणि ग्रामीण भागात ही पद्धत नेता येते, हे त्यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडले. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

त्याच १९९० मध्ये अमेरिकेतील मायामी येथे मोइझेस जेकब्स यांनी मोठ्या आतड्याचा उजवा भाग दुर्बिणीच्या साहाय्याने काढला. पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवून, भिंतीत ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे पाडून, एकातून दुर्बीण व इतरांतून हत्यारे घालावयाची, अशी ही पद्धत. तथापि पित्ताशय आणि आतडे यांत एक भेद आहे. पित्ताशय मऊ पिशवीसारखे असते, ते आवळून लहान छिद्रातून बाहेर ओढता येते. कर्करोगाची गाठ असलेले आतडे तसे ओढता येत नाही. त्यासाठी शेवटी ४ ते ६ सेंटिमीटरचा एक स्वतंत्र छेद घ्यावाच लागतो.

एकछेदी पद्धतीचा उगम या अडचणीत आहे. आतडे बाहेर काढण्यासाठी शेवटी एक छेद घ्यावयाचाच आहे, तर तो प्रारंभीच बेंबीत घेऊन सारे काम त्यातूनच का उरकू नये, असा विचार पुढे आला. इटलीतील जुझेप्पे नवारा यांनी १९९७ मध्ये पित्ताशयाच्या बाबतीत तो प्रत्यक्षात आणल्याचे प्रसिद्ध केले होते. २००८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड आणि स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील शल्यचिकित्सकांनी मोठ्या आतड्याचा उजवा भाग एकाच छेदातून काढल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत दिले. पित्ताशयाच्या बाबतीत एक छेद ही मुख्यतः सौंदर्याची बाब होती. आतड्याच्या बाबतीत तिला तर्काचे अधिक बळ आहे, असे म्हणता येईल.

शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कशी होते

उजव्या भागाची शस्त्रक्रिया या पद्धतीला सर्वांत अनुकूल आहे. रुग्णाला पूर्ण भूल देतात. बेंबीच्या खळग्यातून उभा, सुमारे अडीच ते चार सेंटिमीटरचा छेद घेऊन त्यात लवचिक प्लॅस्टिकचे दोन कड्यांचे आवरण बसवितात. एक कडे पोटाच्या आत, एक बाहेर आणि मधल्या पातळ पडद्याने जखमेच्या कडा झाकलेल्या, अशी त्याची रचना असते. वर झाकण, झाकणात तीन-चार मार्ग. हे तयार साधन महाग पडते म्हणून काही ठिकाणी आवरणाच्या बाहेरच्या कड्यावर शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा ताणून बसवितात आणि त्याच्या बोटांची टोके कापून त्यांत नळ्या बांधतात. दिसायला ओबडधोबड, पण कामाला चोख अशी ही योजना अनेक देशांत रूढ आहे.

पोटात वायू भरून पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतका दाब राखला जातो. शस्त्रक्रियेचे टेबल डावीकडे कलते करतात, म्हणजे लहान आतडी आपोआप डावीकडे घसरतात व उजवी कूस मोकळी होते. प्रथम उंडुकाकडे जाणारी धमनी व शीर बुंध्याशी शोधून, चिमट्यांनी बंद करून छेदली जाते. नंतर आतड्याला पाठीच्या भिंतीशी जोडणारा पडदा अलगद उचलून त्याखालचे थर विलग करतात. येथे घाई चालत नाही. त्याच थराखाली लहान आतड्याचा जठराला लागून असलेला भाग आणि मूत्रपिंडातून येणारी मूत्रवाहिनी असते. त्यांना धक्का लागल्यास बेंबीतील सुबक व्रणाचा रुग्णाला काडीचाही उपयोग नाही. यकृताखालचे वळण सुटे झाले, की सारा उजवा भाग झोळीसारखा मध्यावर येतो आणि बेंबीच्या छेदातून बाहेर काढता येतो. प्लॅस्टिकचे आवरण असल्याने गाठीचा जखमेच्या कडांना स्पर्श होत नाही. रोगग्रस्त भाग बाहेरच कापून लहान आतड्याचे टोक व आडव्या आतड्याचे टोक टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडतात, जोड परत आत सोडतात आणि बेंबीचा खोल थर काळजीपूर्वक शिवतात.

वर्णन सरळ वाटले तरी हात मात्र अवघडलेले असतात. चार-पाच छिद्रांच्या पद्धतीत दुर्बीण मधून आणि दोन्ही हातांची हत्यारे दोन बाजूंनी येतात, त्यामुळे त्यांचा त्रिकोण होऊन ऊतक ताणून धरणे व कापणे सोपे जाते. एकाच छेदातून आलेली हत्यारे जवळजवळ समांतर असतात. अरुंद तोंडाच्या बरणीत दोन्ही हात आणि वर एक बत्ती घालून तळाची वस्तू सोडवावी, तसा हा प्रकार आहे. हत्यारे एकमेकांवर आपटतात; काही वेळा ती फुलीसारखी ओलांडून धरावी लागतात, आणि मग उजव्या हाताचे हत्यार पडद्यावर डावीकडे दिसते. दुर्बीण धरणारा साहाय्यक जाणकार नसेल तर मुख्य शल्यचिकित्सकाचे कौशल्य वाया जाते. म्हणून नेहमीच्या दुर्बीण पद्धतीत आतड्याच्या पुष्कळ शस्त्रक्रिया केल्यानंतरच या पद्धतीकडे वळावे, अशी तज्ज्ञांची धारणा आहे. डाव्या भागासाठी, विशेषतः मलाशयाजवळ, ओटीपोटाच्या खोल खोबणीत काम करावे लागत असल्याने ती आणखी कठीण होते.

शंका आणि पडताळा

दुर्बीण पद्धतीने कर्करोग काढण्याविषयी १९९० नंतरच्या काही वर्षांत एक गंभीर शंका निर्माण झाली. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पोटावरील छिद्रांच्याच जागी कर्करोगाच्या गाठी उद्भवल्याचे वृत्तांत निरनिराळ्या देशांतून आले. जखम लहान ठेवण्याच्या नादात आपण रोगच पसरवीत आहोत की काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. अमेरिकेतील आतड्यांच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९४ मध्ये असे मत दिले, की कर्करोगासाठी ही पद्धत केवळ नियंत्रित अभ्यासाच्या चौकटीतच वापरावी. एखादी नवी व आकर्षक पद्धत लोकप्रिय होऊ पाहत असताना ती करणाऱ्यांनीच असा लगाम घालून घ्यावा, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

त्या अभ्यासाचे फलित २००४ मध्ये हाती आले. ४८ संस्था, ६६ शल्यचिकित्सक व ८७२ रुग्ण त्यात सहभागी होते. कोणाचे पोट उघडावयाचे व कोणाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने करावयाची, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते. सहभागी होण्यासाठी प्रत्येक शल्यचिकित्सकाला आधी किमान २० अशा शस्त्रक्रियांचा अनुभव दाखवावा लागे. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बीण गटात १६ टक्के, तर उघड्या गटात १८ टक्के होते, म्हणजे वस्तुतः सारखेच. जखमेत रोग उद्भवण्याचे प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी निघाले. दुर्बीण शस्त्रक्रियेस मध्यमान १५० मिनिटे लागली, उघड्या शस्त्रक्रियेस ९५. रुग्णालयातील मुक्काम अनुक्रमे ५ व ६ दिवसांचा होता. दुर्बीण गटातील २१ टक्के रुग्णांचे पोट शेवटी उघडावे लागले, ही संख्याही लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रश्न सुटला तो असा: योग्य हातांत पद्धत सुरक्षित आहे, तिचा लाभ खरा, पण माफक आहे.

पाच छिद्रांऐवजी एक, याने त्यात किती भर पडते? जपानमध्ये २०० रुग्णांवर केलेल्या आणि दक्षिण कोरियातील ७ रुग्णालयांत ३८८ रुग्णांवर केलेल्या अशाच तुलनांत गुंतागुंतीचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखे आढळले. व्रण लहान राहतो, हे निर्विवाद. वेदना कमी होतात की नाही याविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे एकमत नाही. फरक असलाच तर थोडा आहे. शिवाय हे निष्कर्ष अनुभवी हातांनी निवडक रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियांचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

बेंबीचा छेद रुंद असल्याने तेथे हर्निया होण्याची भीती निराधार नाही. पित्ताशयाच्या २०० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात हर्नियाचे प्रमाण एकछेदी पद्धतीत ८.४ टक्के, तर नेहमीच्या दुर्बीण पद्धतीत १.२ टक्के होते. ही आकडेवारी आतड्याच्या शस्त्रक्रियेला जशीच्या तशी लागू करता येत नाही, कारण तेथे दोन्ही पद्धतींत एक मोठा छेद असतोच. पण बेंबीचा खोल थर नीट शिवला जाणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यावरून कळते.

या संदर्भात डेन्मार्कमधील कोपनहेगनजवळचे एक उदाहरण उद्बोधक आहे. हेन्रिक केलेट यांनी १९९९ मध्ये १६ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांचे पोट नेहमीप्रमाणे उघडून आतड्याचा नागमोडी भाग काढला होता. तरीही बहुतेक दोन दिवसांत घरी जाण्याच्या स्थितीत आले. दुर्बीण नव्हती. पाठीच्या कण्याजवळ दिलेली वेदनाशामक भूल, त्याच दिवशी तोंडावाटे द्रव, त्याच दिवशी अंथरुणातून उठविणे, आणि अनावश्यक नळ्या टाळणे, एवढ्यावर हे साधले होते. चांगली परिचर्या आणि सुजाण भूलतज्ज्ञ यांचे मोल एखाद्या महागड्या साधनापेक्षा कमी नाही. जिल्हा पातळीवरील रुग्णालयांची आखणी करणाऱ्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणासाठी योग्य

गाठ मध्यम आकाराची, शेजारच्या अवयवांत न घुसलेली. रुग्ण फार स्थूल नाही. पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या नाहीत. हृदय व फुप्फुसे वायूचा दाब सोसण्याइतकी ठीक, अशा रुग्णाला एकछेदी पद्धत सुचविता येते. आतडे बंद पडून पोट फुगलेले असेल, आतडे फुटले असेल किंवा गाठ मोठी व घट्ट रुतलेली असेल, तर पोट उघडणेच बहुधा श्रेयस्कर. काम चालू असताना एखादे छिद्र वाढवावे लागले किंवा पोट उघडावे लागले, तर तो शल्यचिकित्सकाचा पराभव मानला जाऊ नये. नातेवाइकांना हे आधी समजावून सांगितले नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर ‘एकच भोक म्हणाले होते’ असा वाद उद्भवतो आणि योग्य वेळी घेतलेला शहाणपणाचा निर्णय फसवणूक ठरतो.

‘किती छेद?’ हा प्रश्न अस्थानी नाही. पण तो पहिला नव्हे. या शल्यचिकित्सकाने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, लसिकाग्रंथींचा अहवाल मिळेल काय, अतिदक्षता विभाग व रक्ताची सोय आहे काय, हे प्रश्न त्याच्या आधी येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे आणि योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. पुढील चौकशी त्यांच्याकडे करता येते.

घरी परतल्यानंतर

लहान व्रणाचा एक धोका असा की, तो पाहून घरची माणसे निर्धास्त होतात. आतील जोड मात्र उघड्या शस्त्रक्रियेइतकाच नाजूक असतो. काही थोड्या रुग्णांत तो झिरपतो, आणि ही गोष्ट बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास उघड होते. म्हणजे नेमके रुग्ण घरी जाण्याच्या बेतात असताना किंवा नुकताच गावी पोहोचलेला असताना. ताप, नाडीचा वेग वाढणे, पोट फुगणे व दुखणे वाढत जाणे, उलटी, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास गावातच सलाईन लावून वाट पाहणे घातक ठरते. रुग्णाला शस्त्रक्रिया झालेल्या किंवा तशा सोयीच्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे लागते. बेंबीवरची जखम कोरडी व स्वच्छ असली, तरी आत सारे ठीक असल्याचा तो पुरावा होत नाही.

पहिले सुमारे सहा आठवडे भरलेल्या घागरी, खताची पोती, गवताचे भारे उचलणे वर्ज्य. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. ‘टाके ओले आहेत’ म्हणून रुग्णाला खाटेवर पाडून ठेवण्याची रीत पायांच्या शिरांत रक्त गोठण्यास कारण होऊ शकते.

लक्षणे आणि विलंब

भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. तथापि रुग्ण उशिरा येतात, आणि त्या उशिरामुळेच लहान छेदाची शक्यता बहुधा मावळते. शौचातून रक्त गेले की मूळव्याध, असे समीकरण मनात पक्के बसलेले असते, तालुक्याच्या एस.टी. स्थानकाजवळ मूळव्याधीवरील खात्रीच्या इलाजाच्या पाट्याही हाताशी असतात. डाव्या बाजूच्या गाठीत रक्त जाते, शौचाच्या सवयीत बदल होतो, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होतात, पोट फुगते. हे निदान दिसते तरी.

उजव्या बाजूची गाठ अधिक फसवी असते. तेथे आतडे रुंद व आतील द्रव्य पातळ असल्याने मार्ग लवकर बंद होत नाही. रक्त थोडे थोडे, न दिसेल असे झिरपत राहते. माणूस फिकट होतो, चढण चढताना धाप लागते, कामाला उत्साह राहत नाही. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आढळतो, की लोहाच्या गोळ्या देऊन प्रकरण मिटविले जाते. गोळ्यांनी थोडे बरे वाटते आणि सहा महिने निघून जातात. पाळी थांबलेल्या स्त्रीत किंवा कोणत्याही प्रौढ पुरुषात लोहाच्या अभावाचा रक्तक्षय आढळल्यास रक्त कोठून जाते याचा शोध घेतलाच पाहिजे. शौचातील न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी साधी व स्वस्त आहे. पण अशा रुग्णात ती निर्दोष आली तरी शोध तेथे थांबविता येत नाही. नक्की निदान कोलोनोस्कोपीने होते आणि रोग कोठवर पसरला आहे हे सीटी स्कॅनने कळते.

शस्त्रक्रियेनंतर मिळालेला सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल घरात शिधापत्रिकेइतक्याच जपणुकीने ठेवावा लागतो, कारण पुढील प्रत्येक तपासणीत त्याची गरज पडते. साधारण पाच वर्षे ठरावीक अंतराने रक्ताची तपासणी व सीटी स्कॅन, आणि बहुधा एका वर्षानंतर पुन्हा कोलोनोस्कोपी, असा क्रम असतो. रुग्णाची भावंडे व मुले यांना या रोगाचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. त्यांनी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी करून घ्यावी, असे तज्ज्ञ सुचवितात. ४५ व्या वर्षी ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्या भावंडांच्या व मुलांच्या बाबतीत हे वय ३५ येते.